सिमेंटचा जिल्हा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, की आमच्या शाळेपुढच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर जायला लागतात. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत पत्रे, बांबू, ताडपत्र्या, पिठाचे डबे, वळकट्या, खुराड्यात कोंबड्या, दावणीच्या दोरीनं बांधलेली एखादी शेळी आणि या सगळ्याच्या वर बसलेली माणसं. ड्रायव्हरचा टेप एवढा मोठा वाजत असतो की वर्गात पाढे म्हणणारी पोरं मध्येच गाण्याच्या ठेक्यात जातात. ऊसतोडीचा हंगाम सुरू झालेला असतो. जिल्ह्याच्या या पूर्वेच्या कडेवरून, जिथं समोरच्या टेकडीपल्याड बीडची हद्द लागते, माणसं कोयते घेऊन उत्तरेला नदीकाठच्या कारखान्यांकडे निघतात. ती परततात ते उन्हाळा लागल्यावर.

नेमक्या याच आठवड्यात मला तिसरीला जिल्हा शिकवायचा असतो. दुसरं सत्र, पहिला धडा, आपला जिल्हा. म्हणजे वर्गातली निम्मी पोरं जिल्हा बघायला निघून गेलेली असतात, आणि मागं राहिलेल्या निम्म्यांना मी फळ्यावर जिल्हा दाखवत असते. हे वेळापत्रक ज्यानं बसवलं त्यानं आमचा रस्ता कधी पाहिलेला नसणार. पाहिलाच असेल तर ट्रॉलीतली माणसं कुठल्या तरी लग्नाला चालली आहेत असं समजून त्यानं गाडीची काच वर केली असेल.

यंदा माझ्या वर्गात गौरी आहे. आज सकाळी तिचा बाप बबन तिला फाटकापाशी सोडायला आला. त्यांचा ट्रॅक्टर दुपारी निघणार. गौरीची चुलती तिला सांभाळायला तयार आहे. चुलतीकडे राहिली तर वर्ष नीट होईल, गेली तर तिकडे उसाच्या पाचटाच्या कोपीत बसून भाकऱ्या थापायला शिकेल. मी बबनला विचारलं, काय ठरलं?

"काय न्हाई ठरलं म्याडम," तो म्हणाला. "थोरलीच्या टायमाला तुमी ठरवलं, आमी ठरवलं. काय झालं त्याचं? आता हिचं हिलाच ठरवू द्या."

थोरली म्हणजे शीतल. तिचं नाव निघालं की मी दुसरीकडे बघते. आजही बघितलं. गौरी आत येऊन खिडकीजवळ बसली. दप्तर तिनं पाठीवरून काढलं नाही.

फळ्यावर मी चतुःसीमा लिहिल्या. उत्तरेला नाशिक, पूर्वेला बीड, आणि पुढं सगळी रांग. मुलं सुरात म्हणू लागली. आपला जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा आहे, हे वाक्य तर ती छाती काढून म्हणतात. मोठा आहे त्यात यांचं काय कौतुक, हे मला कधी कळलेलं नाही. सर्वांत मोठा म्हणजे दोन वेळच्या भाकरीसाठी सर्वांत लांब जावं लागतं, एवढाच त्याचा अर्थ या गावापुरता खरा आहे. पण तो अर्थ परीक्षेत विचारत नाहीत.

इतिहासाचंही तसंच. नगरहून आमच्याकडे येताना डोंगरावर एक उंच तीन मजली इमारत दिसते. सगळे तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. तो महाल नाही आणि तिथं चांदबिबीही नाही. ती कुणा सरदाराची कबर आहे. दर वर्षी सहलीच्या बसमधून आमचे मोठे गुरुजी, म्हणजे मुख्याध्यापक, तिकडे बोट करून मुलांना सांगतात, "तो बघा महाल!" एकदा मी हळूच म्हटलं, गुरुजी, ती कबर आहे. ते म्हणाले, "असू द्या हो. मुलांना महाल आवडतो." मुलांच्या आवडीनिवडीची एवढी काळजी करणारा माणूस खिचडीत मीठ आहे का हे मात्र कधी बघत नाही.

खोट्या पाट्या लावायची आम्हाला सवयच आहे. पण इतरांना नावं ठेवताना मी जरा जपून बोलायला हवं. चार वर्षांपूर्वीच्या अशाच दिवाळीनंतरच्या दिवसांत सगळ्यांत मोठी खोटी पाटी मी स्वतः लावली होती.

त्या वर्षी थंडी लवकर पडली होती. सकाळी पोरं उन्हाच्या तिरीपेला भिंतीशी चिकटून बसायची, नाकं वाहायची, हात उलून पांढरे झालेले. फळ्यावरचा नकाशा कुणाच्या डोक्यात शिरत नव्हता. मग मी म्हटलं, चला बाहेर. मैदानाच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीजवळ, आपण मातीचा जिल्हा करू. पाच-सहा पावलं रुंद, उताणा झोपलेला जिल्हा, वर चढून फिरता येईल असा.

पोरांनी जीव टाकला त्यात. पश्चिमेला अकोल्याचे डोंगर करायला दगड आणले, त्यात सगळ्यांत उंच दगड कळसूबाईचा. माझी एक मैत्रीण तिकडे राजूरला मास्तरीण आहे, तिनं सुट्टीला येताना पिशवीभर तांबडी माती आणली. नेवाशाकडच्या कुणाच्या तरी मामानं काळी माती पाठवली. ती ओली झाली की बोटांना चिकटायची आणि पोरं तिचा वास घेत बसायची. आमच्या गावची माती आणायला कुणाला कुठं जावं लागलं नाही. तो मुरूम होता, पायाखालीच होता.

शीतल तेव्हा तिसरीत होती. आईबापांबरोबर दोन हंगाम उत्तरेला राहून आलेली. अंगानं काटकुळी, केस तेल लावून घट्ट बांधलेले, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. मी पुस्तकातला नकाशा हातात धरून काडीनं नद्या ओढत होते. ती शेजारी उकिडवी बसून बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "म्याडम, ह्या दोन नद्या तुमी लई लांब लांब केल्या."

"पुस्तकात अशाच आहेत."

"आसतील. पर तिकडं सकाळी एका नदीवर धुनं धुतलं आन् गाडी निघाली, की जेवायच्या आत दुसरी नदी लागती. लई लांब न्हाईत त्या."

मी मुळा आणि प्रवरा जवळ आणल्या. मग तिनं रेडिओचे संपलेले सेल गोळा करून आणले आणि एकेक उभा रोवत गेली. ही अमक्या कारखान्याची चिमणी, ही तमक्याची. कुठल्या रस्त्याला वडाची झाडं आहेत, कुठल्या पुलाखाली कोप्या पडतात, कुठं कॅनॉलचं पाणी रात्री वाढतं म्हणून पोरांना सोडायचं नाही, हे सगळं ती सेल रोवता रोवता सांगत होती. माझ्या हातातलं पुस्तक मी कधी मिटलं ते मला कळलं नाही. वीस वर्षं मी हा जिल्हा शिकवत होते, आणि त्यातला निम्मा मी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

मग पाणी. टाकीवरून तांब्या भरून आणला आणि भंडारदऱ्याच्या जागी हळूहळू ओतला. कौलाच्या तुकड्याचं धरण होतं, ते भरलं, तुकडा वर केला, आणि पाणी निघालं. पोरं ओरडत त्याच्याबरोबर पळाली. अकोले आलं! संगमनेर आलं! काडीच्या नदीतून ते वळत वळत काळ्या मातीत शिरलं, सेलांच्या चिमण्यांच्या मधून गेलं आणि नेवाशाशी गोदावरीला मिळालं. आरडाओरडा थांबला तेव्हा सगळ्यांनी मागे वळून आपलं गाव बघितलं. गावाच्या जागी एक पांढरा खडा ठेवला होता. त्याच्या भोवतीचा मुरूम कोरडा ठणठणीत.

शीतल म्हणाली, "म्हनून आमी तिकडं जातो."

चार शब्दांत जिल्हा संपला. मला पुढं शिकवायला काही उरलं नव्हतं. मी नुसती तिच्याकडे बघत राहिले आणि मनात ठरवलं की ही पोरगी यंदा ट्रॅक्टरवर बसता कामा नये.

मी बबनच्या घरी गेले. बायको पत्रे बांधत होती, लहानगी गौरी पिठाच्या डब्यावर बसून पाय हलवत होती. शीतल गेली म्हणजे दिवसभर या गौरीला सांभाळणार, हे ठरलेलंच. मी सांगितलं, मागं राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह मंजूर होतं, म्हणायला वसतिगृह, पोरगी चुलतीकडेच राहील, दोन वेळचं जेवण शाळेत मिळेल. फक्त वरच्या साहेबांची सही पाहिजे. साहेब पुढच्या शुक्रवारी शाळेला भेट द्यायला येणार आहेत. शीतल त्यांना नकाशा समजावून सांगेल. साहेब खूश झाले तर तिथंच सही होईल.

बबननं बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, "आमची गाडी शनवारी हाय. तवर थांबता यील."

"सायेब व्हय म्हनले तर ऱ्हाऊ द्या पोरीला," बबन म्हणाला. "शिकली तर आमचं काय वाईट हाय का?"

इथवर सगळं बरं चाललं होतं. साहेब येणार हे कळल्यावर बिघडलं.

साहेब येणार म्हटलं की आमच्या शाळेच्या अंगात येतं. वर्षभर तुटकी असलेली खिडकी एका दुपारीत बसते. संडासाला कुलूप लागतं, कारण तो स्वच्छ दिसला पाहिजे. मोठे गुरुजी मातीच्या जिल्ह्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "कल्पना झकास आहे म्याडम. पण फोटोत नुसता उकिरडा दिसेल. सिमेंटमध्ये करून घेऊ. वर ऑइलपेंट." मी म्हटलं, गुरुजी, मातीचा आहे म्हणून तर पाणी धावतं. ते म्हणाले, "पाणी फोटोत धावत नाही." त्यांच्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट फोटोपर्यंत जाते आणि तिथं संपते. ग्रुपवर टाकला, अंगठे आले, काम झालं.

गावातला मिस्त्री बोलावला. माणूस कामाला चोख. त्यानं तांबडी माती, काळी माती आणि मुरूम एकत्र फावड्यानं ओढले आणि एका बाजूला टाकले. कळसूबाई पायाच्या भरीत गेली. पोरं लांब उभी राहून बघत होती. मग त्यानं लेव्हल लावली, दोरी ताणली आणि कोबा करायला घेतला. बघता बघता माझ्या लक्षात आलं, तो सगळा उतार टाकीच्या मोरीकडे देतोय. मोरी नकाशाच्या पूर्व कोपऱ्याबाहेर होती, म्हणजे आमच्या गावाच्या अंगाला.

"मिस्त्री, भंडारदऱ्याचं पाणी नेवाशाकडं गेलं पाहिजे."

त्यानं थापी थांबवली आणि माझ्याकडे कीव करून बघितलं. "म्याडम, अंगनातलं पानी मोरीकडं जातं. ही शाळा हाय का धरन? कोब्याला उलटा उतार दिला तर गावात मला कोन काम दील?"

त्याचं चुकलं नव्हतं. कुठलाही चांगला मिस्त्री असाच उतार देतो. नद्यांची खोबणी करा म्हटलं तर म्हणाला, पाणी साचून शेवाळ धरंल, निळ्या रंगानं काढून घ्या. मी मोठ्या गुरुजींकडे गेले. ते भाषण लिहीत होते. "अहो, पाणी ओतायचंच कशाला?" म्हणाले. "साहेब फीत कापतील, फोटो काढतील, चहा घेतील, जातील."

मी वाद घातला नाही. सही हवी होती मला. सहीसाठी मी तोंडात मूग धरून बसले, आणि वर स्वतःची समजूतही घातली की पोरीच्या भल्यासाठी बसले आहे.

शुक्रवारी साहेब अकराला येणार होते, ते पावणेदोनला आले. तोवर पोरं उन्हात रांगेत उभी. औक्षणाच्या ताटातला दिवा तीनदा विझला. बबन आणि त्याची बायको फाटकाबाहेर उभे होते. आत या म्हटलं तर आले नाहीत. कोबा चकचकीत निळा-हिरवा-पिवळा. जिल्ह्याचं नाव लाल अक्षरात, आणि त्याच्याहून मोठ्या अक्षरात शाळेचं नाव. आमच्या गावाच्या जागी एक लाल ठिपका. कारखाने कुठंच नव्हते. चिमण्या दाखवल्या तर प्रदूषण दिसतं, असं मोठ्या गुरुजींचं म्हणणं पडलं होतं.

आणि ऐन वेळी त्यांना सुचलं, जलपूजन करू. आमच्याकडे धरण भरलं की पुढारी जाऊन जलपूजन करतात. पाण्याला साडीचोळी, हळदकुंकू, नारळ. ज्यांच्या शेतात त्या पाण्याचा थेंब जात नाही तेही टाळ्या वाजवायला जातात. तसंच रंगवलेल्या भंडारदऱ्याला हळदकुंकू वाहिलं, साहेबांनी नारळ फोडला, आणि कुणीतरी त्यांच्या हातात तांब्या दिला.

साहेबांनी पाणी ओतलं.

ते प्रवरेच्या निळ्या पट्ट्यावर क्षणभर थांबलं. मग त्यानं नदी सोडली. संगमनेर डावीकडे टाकलं, नेवाशाकडे ढुंकून बघितलं नाही, डोंगर नाही, दऱ्या नाहीत, कुणाची आडकाठी नाही, सरळ तिरकं धावत आमच्या गावाच्या लाल ठिपक्यावर आलं आणि मोरीच्या तोंडाशी तुंबून तिथं त्याचं एक छान तळं झालं. गोदावरी कोरडी. आमचं गाव पाण्यात.

मोठ्या गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी री ओढली. ज्यांची उभी हयात हंडे वाहण्यात गेली, ती शाळा समितीतली माणसंही टाळ्या वाजवत होती. साहेब तर भलतेच खूश. "बघा!" म्हणाले. "पाणी तुमच्या गावापर्यंत आलं! याला म्हणतात दृष्टी." त्यांच्या लक्षात काही आलं नव्हतं. साहेब दर वर्षी शेकडो शाळा तपासतात, पण प्रवरा कुठून कुठं जाते हे त्यांना ठाऊक नव्हतं. निळी रेघ पायाशी होती, तीही त्यांनी बघितली नाही.

मग ते शीतलकडे वळले. "काय बाळ, आलं ना पाणी तुमच्या गावाला?"

शीतलनं त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "न्हाई सायेब. हे चुकलंया. पानी हितं येत न्हाई, ते तिकडं नेवाशाकडं जातं. म्हनून आमी बी तिकडंच जातो."

टाळ्या थांबल्या. फोटो काढणाऱ्यानं मोबाईल खाली घेतला. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याचा रंग उडाला. ते माझ्याकडे वळले. "म्याडम, हे शिकवता मुलांना?"

त्यांच्या शिपायाच्या हातात फाईल होती. फाईलमध्ये वसतिगृहाचा कागद होता. फाटकाबाहेर बबन चवड्यांवर उभा राहून आत बघत होता. मला एवढंच म्हणायचं होतं, साहेब, ती बरोबर सांगतेय, उतार आमचा चुकलाय. सहा-सात शब्द. ते माझ्या तोंडापर्यंत आले होते.

"लहान आहे साहेब, गोंधळली," मी म्हटलं. आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "शीतल, आलं म्हण."

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. ती नजर मी कधी विसरणार नाही, असं लिहायची पद्धत आहे. खरं सांगायचं तर मी ती विसरायचा फार प्रयत्न केला आणि बरेच दिवस जमलंही. तिनं त्या तळ्याकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"आलं," ती म्हणाली.

साहेबांनी तिच्या गालाला हात लावला, चहा घेतला, आणि जाता जाता गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. मी तो कागद दोन्ही हातांनी घेतला. बबनला लांबूनच हात वर करून खूण केली, झालं! त्या संध्याकाळी स्कूटीवरून घरी जाताना मी गाणं गुणगुणत होते, हे मला चांगलं आठवतं. किती स्वस्तात मी खूश होते.

शनिवारी सकाळची शाळा. ट्रॅक्टर शाळेसमोर थांबला. वर वळकट्यांवर आई, मांडीत गौरी, आणि शेजारी शीतल. मी कागद हातात घेऊन पळत गेले. "शीतल, उतर. सही झालीय."

ती उतरली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. बबन खाली आला. अवघडला होता बिचारा. गुन्हा माझा आणि मान त्यानं खाली घातलेली.

"ऱ्हात न्हाई म्हनती म्याडम. रातभर समजावलं तिच्या मायनं. म्हनती, म्याडमला ठावं हुतं आन् मला खोटं बोलाय लावलं. मंग शाळंत बसून काय शिकू, म्हनती."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. बबन चढला. मी सहीचा कागद धरून रस्त्यात उभी राहिले आणि पत्र्यांचा खडखडाट ऐकत राहिले. मोठ्या गुरुजींनी फाटकातून विचारलं, "काय झालं? पोरगी गेली? अरेरे." आणि मग म्हणाले, "साहेबांचा मेसेज आलाय बरं का. नकाशाचा फोटो सगळ्या शाळांना पाठवणार आहेत."

पुढं काय व्हायचं ते झालं. आसपासच्या गावांत तसेच कोबे झाले. कुठल्या गावचं पाणी कुठं जातं, हे त्या त्या गावच्या मोरीनं ठरवलं. साहेब वर चढले. मोठे गुरुजी निवृत्तीला आले. मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं, तेव्हा पेंटर येऊन नवीन नाव ठळक काढून गेला, नद्यांना निळा हात मारला. उताराबद्दल कुणी बोललं नाही. मीही नाही. दर वर्षी मी तिसरीला त्या कोब्यावर उभं करते, पट्टीनं नद्या दाखवते आणि पाणी आणू देत नाही. चपला भिजतात, असं सांगते.

दोन वर्षांपूर्वी सहल प्रवरासंगमला गेली होती. पुलाच्या अलीकडे रस्त्याकडेला कोप्यांची रांग होती, चुलींचा धूर, दोरीवर कपडे. बस जेवणासाठी तिथंच थांबली. त्यातल्या कुठल्या तरी कोपीत शीतल असेल, हे मला ठाऊक होतं. बबनची टोळी त्याच कारखान्याला असते. पोरं खाली उतरून डबे सोडून बसली. मी बसमध्येच बसून राहिले. डोकं दुखतंय म्हटलं. खिडकीचा पडदा ओढून घेतला. साहेबाला मी नावं ठेवते, मोठ्या गुरुजींना ठेवते; पण आपणच घडवलेल्या विद्यार्थिनीला तोंड दाखवायला नको म्हणून पडद्याआड लपणारी बाई माझ्या पाहण्यात दुसरी नाही. शीतल पुढं शाळेत फारशी आलीच नाही. हंगाम संपला की यायची, पंधरा दिवस मागच्या बाकावर बसायची, विचारलं तर उत्तर द्यायची. आपणहून कधी काही बोलली नाही. आता ती आईबरोबर मोळ्या बांधते.

आज फळ्यावरच्या चतुःसीमा म्हणून होईस्तोवर दुपार झाली. बाहेर ट्रॅक्टर एकामागून एक जात होते. गौरीनं हात वर केला. दप्तर अजून पाठीवर.

"म्याडम, त्या नकाशात पानी ओतल्यावर कुठं जातं?"

वर्ग माझ्याकडे बघायला लागला. चपला भिजतात, हे माझ्या ओठांवर आलं होतं. गौरी डोळ्यांत बघून बोलते, बहिणीसारखी. मी खडू ठेवला.

"चल, दाखवते."

सगळा वर्ग मागोमाग आला. मी टाकीवरून तांब्या भरला आणि भंडारदऱ्यावर ओतला. पाण्यानं नदी सोडली, जिल्हा तिरका कापला आणि ते आमच्या गावात येऊन थांबलं. दोन पोरं टाळ्या वाजवायला लागली. मी त्यांचे हात धरले.

"हे खोटं आहे," मी म्हटलं. "पाणी इथं येत नाही. ते नेवाशाकडे जातं. या कोब्याचा उतार चुकलाय. ते मला करतानाच माहीत होतं. एका मुलीनं साहेबांसमोर खरं सांगितलं, आणि मी तिला खोटं बोलायला लावलं. ती मुलगी बरोबर होती. मी चुकले."

तिसरीतली पोरं ती, त्यांना काय कळलं असेल कोण जाणे. रस्त्यावर बबनचा ट्रॅक्टर येऊन थांबला होता. दुसऱ्या ट्रॉलीवर, पत्र्यांच्या वर, ओढणी डोक्यावरून घेतलेली एक मोठी मुलगी बसली होती. चेहरा नीट दिसत नव्हता, पण तोंड शाळेकडे होतं.

"ठावं हाय मला," गौरी म्हणाली. "ताईनं सांगितलंया समदं."

"मग विचारलंस कशाला?"

"तिनंच इचाराय लावलं. म्हनली, म्याडम आपल्या तोंडानं सांगत्यात का बघ. सांगितलं तर ऱ्हा. न्हाई सांगितलं तर गाडीत ये."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. गौरीनं रस्त्याकडे वळून हात हलवला, येते म्हणायचा नाही, तुम्ही जा म्हणायचा. मग पाठीवरचं दप्तर काढून तिनं कोब्याच्या कडेला ठेवलं, ओल्या सिमेंटवर उकिडवी बसली आणि मुठीनं कोबा ठोकून बघितला.

"म्याडम," ती म्हणाली, "हे फोडाय पहार कुनाकडं मिळंल?"